गाडीला शिकू द्यायची दहा मिनिटं

निर्जीव असं जगात काही नसतंच, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका ठाम विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मूळचे साताऱ्याकडचे, हवाई दलात विमानांची उपकरणं दुरुस्त करत निवृत्त झाले आणि चंदीगडातच राहिले. नवा कुकर आणला की आधी त्यात नुसतं पाणी उकळत, "ओळख होऊ दे त्याची घराशी." बिघडलेल्या पंख्याला त्याच्या तोंडावर नावं ठेवायची काकूंना बंदी होती. पण खरा जीव होता तो मेहुण्यानं दुबईहून आणलेल्या जपानी गाडीत. तिच्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर होता. बॅटरी बदलली की तो शिकलेलं सगळं विसरे. मग इंजिन चालू ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, दहा मिनिटं त्याला पुन्हा शिकू द्यावं लागे. "विरजण लावल्यावर पातेलं हलवतं का कोणी?" काका विचारत.

ते पंजाबातल्या दहशतवादाचे, नाक्यांचे, झडत्यांचे दिवस होते. सेक्टर १७ मध्ये दहा वाजता माझी मुलाखत, आणि नेमका त्याच दिवशी बंद. बस नाही, रिक्षा नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. ही नोकरी गेली तर गावी परतायचं होतं. काकांनी सकाळीच गाडीला नवी बॅटरी बसवली आणि माझ्यासाठी ती दहा मिनिटं प्रथमच टाळली. गाडी प्रत्येक चौकात बंद पडू लागली. शेवटी पोलिसांच्या नाक्यावरही बंद पडली, तेव्हा काकांनी ती पुन्हा सुरू करून पाय बाजूला घेतला आणि तिलाच हात जोडले. हवालदार ओरडला, "इंजन बंद करो, बाबूजी!"

"नहीं जी! बैटरी बदली, तो अंदर का डब्बा सब भूल गया. दस मिनट थांबो!"

त्या दिवसांत बॉम्ब डब्यांतून ठेवले जात; 'डबा' म्हटलं की रस्ता रिकामा होई. "डब्बा? कित्थे है डब्बा?" असं म्हणत हवालदारानं आम्हाला खाली उतरवून पन्नास पावलं लांब नेलं. साहेब येईपर्यंत गाडीला हात लावायची कोणाची छाती होईना, आणि ती एकटीच शांतपणे गुरगुरत राहिली. मी मुलाखतीची उत्तरं पुटपुटत येरझाऱ्या घालत होतो. काका खुशीत घड्याळ बघत कुजबुजले, "तूही गप्प उभा राहा. शिकलेलं बसू दे." साहेबांनी येऊन इंजिनाचा तो डबा पाहिला आणि ते हसले. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला मला काही आठवेना. पूर्वी मी घाबरून भलतंच बोललो असतो. त्या दिवशी "जरा थांबतो, सर," म्हटलं, आणि उत्तर आलं. त्या नोकरीत मी आयुष्य काढलं.

काका आता नाहीत. आजही बॅटरी बदलली की मी रेडिओ बंद करून, हात मांडीवर ठेवून बसतो. मागून मुलगी म्हणते, "पापा, चलो ना यार!"

"थांबो," मी म्हणतो.