न्हावी मला ताई म्हणाला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला राग येईल. डोक्यावर हा पदर दिसतोय ना, त्याच्याखाली काय आहे सांगू? काही नाही. तेच तर सांगायचंय.

माझं माहेर सांगोल्याकडचं. लग्न होऊन मैसूरला आले, नजरबादेत. सासरचे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, शिंपीकाम करणारे. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड. मला कन्नडातला एकच शब्द नीट जमायचा, ‘हौदु’. म्हणजे हो. सुनेला तेवढा पुरतो.

आमचा केशव वर्षाचा. महिनाभर त्याचा ताप येत-जात होता. खाईना, हसेना. मी आपली सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बसलेली. शेवटी सासूबाई नवस बोलल्या, पोर बरं होऊ दे, महादेश्वराच्या डोंगरावर मुडी देऊ. मुडी म्हणजे देवाला वाहायचे केस, हे त्यांनीच मला शिकवलं. म्हणजे केशवचं जावळ. किती साधं काम!

ताप उतरल्यावर निघालो. कोल्लेगालपर्यंत बस बरी चालली. पुढे घाटाची वळणं अशी, की केशवनं माझ्या पदरात आणि मी खिडकीबाहेर... जाऊ दे, तुम्ही चहा पिताय.

वर पोचल्यावर नवरा नारळ आणायला गेला. सासूबाई रांगेत जागा धरायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, “तू न्हाव्याकडे जाऊन बस. सुम्मने, उगाच घाबरू नकोस, ते काय करायचं ते करतात.”

मी केशवला मांडीवर घेऊन बसले. न्हाव्यानं वस्तरा पुसत विचारलं, “तायी मुडी, अल्वा?”

किती मायेनं बोलला बघा. ताई म्हणाला मला. ताई, मुडीच ना? मी म्हटलं, “हौदु.”

“पूर्ती?”

आता नवसपूर्ती कोणाला कळत नाही? त्यासाठीच तर एवढा घाट चढलो. “हौदु, हौदु. पूर्ती.”

त्यानं माझी वेणी सोडली. वाटलं, इथली रीत असेल. डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. वाटलं, आईलाही शुद्ध करून घेत असतील. मी पोराला घट्ट धरलं, डोळे मिटले, मान खाली घातली. कपाळापासून मागेपर्यंत एकदम गार लागलं. डोळे उघडले, तर हा एवढा झुबका केशवच्या अंगावर.

कन्नडात तायी म्हणजे आई. आणि पूर्ती म्हणजे सगळंच्या सगळं. बिचाऱ्यानं नीट विचारलं होतं, आईचे केस ना? सगळे? डोक्याच्या मधोमध रस्ता पडल्यावर आता त्याला थांबवून काय करणार होते मी?

केशवनं वर पाहिलं आणि जो टाहो फोडला! मान इतकी झटकत होता, की न्हाव्यानं त्याला वस्तरा लावायचं नाकारलं. ज्याच्यासाठी आलो ते जावळ होतं तसंच राहिलं.

नवरा नारळ घेऊन आला आणि मला शोधत माझ्याच समोरून पुढे निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, “अय्यो, हे काय माडून घेतलंस गं?” तेवढ्यात दोन बायका माझी भक्ती बघून पाया पडल्या. लगेच सासूबाईंनी त्यांना सांगून टाकलं, सून माझीच.

नजरबादेत उतरलो. शेजारणीनं आधी माझं डोकं पाहिलं. मग घाबरत माझ्या मागे पाहिलं. मागून नवरा पिशव्या घेऊन येताना दिसला, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

आणि केशव? बसमध्ये सगळा वेळ सासूबाईंच्या मांडीवर, माझ्याकडे यायला तयार नाही. घरी मात्र हळूच हात पुढे केला, माझ्या टकलावर थाप मारली आणि खदाखदा हसला. महिन्याभरानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून तो रडला, की सासूबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात, “सुमन, डोकं आण जरा.” मी हातातलं काम टाकून जाते.

काल त्याला खुंट टोचले. तो रडला. सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “उद्या दाढी करशील तेव्हा हिचंही उरकून घे.”

आज सकाळी पाणी मीच तापवलं.