आबाजींची लाळ आणि माझ्या आजीचा बाप

माझ्या आजीला तिच्या सख्ख्या काकाने फसवलं. शेत हडपलं नाही, दागिना दाबला नाही. तिचा बापच लपवला. तू सिंदीच्या स्टेशनवर सापडलेली पोर, आम्ही दया केली म्हणून जगलीस, असं तिला जन्मभर ऐकवलं. प्रत्यक्षात ती त्याच्या पाठच्या भावाची मुलगी होती.

तो काका केव्हाच गेला. त्याचा मुलगा आहे. बोरगाव मेघेत दुमजली घर, वय ऐंशीच्या पुढे, तब्येत ठणठणीत. माझी आई त्यांना मामा म्हणते, मी आबाजी म्हणते. हे मामापण मानलेलं आहे, रक्ताचं नाही, अशीच आमची समजूत होती.

आजी गेली आणि तिच्यावरचे उपकार आईकडे आले. वारशात आम्हाला तेवढंच मिळालं. बोरगावच्या घरी लग्न असो, बारसं असो की तेरवी, आई आदल्या दिवशीच पुऱ्या लाटायला हजर. पंगतीत बसायचं तिला कोणी सुचवलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. माझं सेलूला बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, कढया. दोन जुन्या कढयांवर सुरू केलेला धंदा मी एकटीने इथवर आणला. नवरीचा बाप रडला तरी मी भाव सोडत नाही, अशी माझी तालुक्यात ख्याती आहे आणि ती खोटी नाही. फक्त बोरगावला सामान निम्म्या भाड्याने जायचं. मी तोंड उघडलं की आई म्हणायची, "त्यांच्यापायी आपण जगलो, बाई."

मी लग्नाची झाले तेव्हा आईने एक धाडस केलं. आबाजींच्या मुलासाठी माझा विषय काढला. मामा म्हणायचे ते नुसते म्हणायचे, रक्ताचं काही नाही, मग अडचण कसली, असं तिचं साधं गणित. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. आबाजी पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "सापडलेल्या पोरीच्या खानदानात आपण सोयरीक करत नाई."

आई म्हणाली, "बरोबर आहे, मामा."

चहा मी त्यांच्यापुढे ठेवला, जरा आपटूनच. लोक माझ्या रागीट स्वभावाला धंद्याचा दोष देतात. धंदा बिचारा नंतर आला.

आता विज्ञानाकडे वळू. माझी मुलगी बंगळूरला नोकरी करते. लाळेवरून पूर्वज शोधून देणारं डीएनएचं किट तिने मागवलं, कारण एकावर एक फुकट होतं. फुकटची वस्तू वाया घालवणं आमच्या रक्तात नाही, हे तपासणी न करताही सांगता आलं असतं. एक नळी मला आली, दुसरी आईला दिली. आई म्हणाली, "थुंकायचेही पैसे घेऊन राह्यले का आता लोक?" पण थुंकली.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. आईशी ज्यांचं रक्त जुळतं त्यांची यादी आली होती. खाली सगळे अनोळखी, लांबलांबचे. मला सोडलं तर सगळ्यात वर आबाजी.

झालं असं होतं की आबाजींचा अमेरिकेतला नातू याच नादाला लागला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने आजोबांनाही नळीत थुंकायला लावलं. घराण्याचं मूळ एखाद्या राजघराण्यापर्यंत न्यायचं त्याच्या मनात होतं म्हणे. ते माझ्या गोदामापर्यंत आलं.

मुलगी माझ्या आईला आजी म्हणते. ती म्हणाली, "आई, हे आजीच्या आईचे चुलतभाऊ असावेत. म्हणजे आजीचे खरेच मामा." असावेत वगैरे मला चालत नाही. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी साधी सतरंजी घेत नाही, मामा कुठून घेणार?

आजी एक गोष्ट नेहमी सांगायची. लहानपणी घंटा वाजली की पेला घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पांढरा झगा घातलेली बाई दूध द्यायची. काकाने तिला समजावलं होतं की ती स्टेशनची घंटा. रेल्वे लावारिस पोरांना झगा घालून दूध वाटते हे मला तरी ठाऊक नव्हतं. आपल्या भागात तेव्हा मिशनचं अनाथालय होतं. ते बंद झालं, पण त्याचं चर्च उभं आहे. मी तिथे गेले. पास्टरांनी आधी विचारलं, "जमिनीची केस आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, तरी बाप्तिस्म्याची जुनी वही काढून दिली.

त्यात सगळं होतं. आजीचं नाव, बापाचं नाव, गाव. बाजूला शेरा होता: आईबाप लेकीसह ख्रिस्ती झाले आणि वर्षाच्या आत दोघं पटकीने गेले. मुलीला वडिलांचा थोरला भाऊ घेऊन गेला. खाली त्याचं नाव आणि अंगठा. आबाजींचा बाप.

त्याने पोरीला अनाथालयात सोडून दिलं नाही, हे मी मान्य करते. पण भाऊ बाटला हे गावाला कळलं असतं तर त्याच्या मुलींची लग्नं अडली असती. म्हणून भाऊ कामाला नागपूरला गेला आणि तिकडेच मेला, असं सांगितलं; त्या घरात अजून तेच सांगतात. गावाने न पाहिलेल्या पुतणीला मात्र स्टेशनवर सापडवलं. लेकींची लग्नं झाली. माझी आजी हातात पोळपाट घेऊन आभार मानत राहिली.

वहीच्या त्या पानाचा फोटो घेऊन मी बोरगावला गेले. आबाजींनी तो लांब धरून पाहिला.

"काय पाह्यजे तुले? सातबाऱ्यावर नाव?"

"नाई पाह्यजे."

"मंग काऊन आली?"

"माह्या मायले सांगा, का तिची माय तुमच्या घरची होती. येवढंच."

"मेलेल्या माणसाले काऊन उकरून राह्यली?"

"माय जिती आहे, आबाजी."

सुनबाई मदतीला धावल्या. "मशीन चुकते बी कधीकधी, ताई."

"अंगठा बी चुकला का तुमच्या आजेसासऱ्याचा?"

त्या आत गेल्या. मग मी आबाजींना विचारलं, "तुमच्या पोरासाठी मले नाई म्हणलं, तवा तुमाले हे नातं माहीत होतं ना?" त्यांनी कानातून ऐकायचं मशीन काढलं, धोतराला पुसलं आणि खिशात टाकलं. उरलेल्या भेटीत मी एकटीच बोलत होते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. बोरगावला पुढच्या महिन्यात आबाजींच्या नातीचं लग्न आहे.

"मंग पुऱ्या लाटायले जायचं का नाई?"

"पाहुणी म्हणून जायचं. माहेर आहे ते तुह्या मायचं."

"मशीन म्हणते, पाद्री म्हणते. मामा म्हणाले का?"

"नाई."

"मंग मी कशी जाऊ पाहुणी म्हणून?"

तेव्हा आबाजी, हे मी लिहून काढलं, कारण लिहिलेल्याला कानाचं मशीन लागत नाही. तुमची जमीन तुमच्याकडे ठेवा. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले ती त्यांची खुशी होती, त्याची लाज मला नाही, तुम्हीही धरू नका. मला दोन उत्तरं हवी आहेत. पहिलं माझ्या आईला द्या, चार माणसांत, मांडवात, तुमच्या तोंडाने: तुझी माय माझी चुलत बहीण होती. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं ती खरं मानणार नाही आणि तिला आता फार वर्षं उरलेली नाहीत. दुसरं उत्तर माझं. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. ही माझ्या पोराची भाची लागते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते गिळून माझ्या आईसमोर, दारात उभ्या पोरीसमोर तिच्या आजीला सापडलेली का म्हणालात? बोला.