बाभळ जाळायची न्हाय

सोपानराव सुतार गेल्याचा फोन आला तेव्हा मी लासुर्ण्यात उसाला पाणी देत होतो. पाणी तसंच सोडून पळसदेव गाठलं... त्याला आता महिना उलटून गेला.

मी शाळेची पायरी जेमतेम चढलो, पण लाकडावरनं सोपानरावांशी भांडायला मला कुणाची शिकवणी लागली नाही. घर बांधताना घरचाच आंबा पडला होता, त्याची चौकट करा म्हणालो.

"तात्या, आंबा खोक्याला घ्या. दाराला लावला तर वाळवीला आवतान हाय."

निंबाची चौकट बसवली. तीत मी खोट काढलीच, नाहीतर शेफारले असते. धान्याच्या कोठीला निंब, विहिरीच्या तळाला जांभूळ, पण जीव बाभळीवर. नांगराची बाभळ ते उजनीच्या पाण्यात दगड बांधून बुडवायचे, उन्हाळ्यात पाणी हटलं की काढायचे. मग तिला कीड शिवत नाही.

अंथरुणाला खिळल्यावर एकदा म्हणाले, "मला जाळताना चांगली बाभळ जाळायची न्हाय. कालव्याकडंची वेडी बाभळ घाला. ती जळणाचीच हाय. सबूद द्या."

"दिला. आन् मीच आधी गेलो तर?"

"तुमाला उसाचं पाचट बी पुरंल!"

...आणि त्या दिवशी स्मशानात बघतो तर ट्रॉलीभर जुनी, तांबड्या गाभ्याची बाभळ. मी ट्रॉलीपुढं उभा राहिलो.

"ही उतरायची न्हाय."

थोरला पोरगा रडवेला झाला. "तात्या, बापाला झुडपं घातली म्हणतील लोकं."

"लोकांचं मी बघतो. बाप तुजा हाय, पण सबूद मी दिलाय."

पावणे ताटकळले. म्हातारा चळला, असंही कुणी म्हणालं. मी हललो नाही. शेवटी थोरल्यानंच डोळे पुसले, जवळच्या वीटभट्टीच्या शेडातनं वाळकी वेडी बाभळ आणवली. चिता अशी धडधडली, की पावणे चार पावलं मागं सरले.

ती चांगली बाभळ तिसऱ्याच्या दिवशी आम्ही दोघांनी दगड बांधून पाण्यात लोटली. वरच्या पावसानं उजनी भरत होती, आता तिथं नुसतं पाणी दिसतं. मी अधनंमधनं काठावर जाऊन बसतो. थोरला म्हणतो, ट्रॅक्टरच्या जमान्यात नांगर कशाला, खाट करू. मी म्हणतो, नांगरच.

पाणी हटायला अजून उन्हाळा यायचाय... तोवर आमचं भांडण चालेल.