कापडी तक्त्याचा चौथा चौकोन

सिस्टर स्वतःच्याच खोलीच्या दारावर दोनदा टकटक करून आत जातात. चहा विसरतात, तो गार झाला की त्याला फुंकर घालून पितात. पेशंटचं नाव कधी मोठ्यानं घेत नाहीत. टॉर्च खिशात, दोरा ओवलेली सुई कॉलरमध्ये. आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच वाक्य : "खिसे रिकामे करा." एकदा सवयीनं मोठ्या डॉक्टरांनाही म्हणाल्या. त्यांनी केले.

मी साहित्यात एम.ए. गुप्तरोग विभागाच्या बाहेर केसपेपर लिहायला बसते. पहिल्या दिवशी 'गुप्तांगावर जखम' एवढं लिहिताना माझे कान तापले.

"अगं, प्रेमाच्या कविता पाठ आहेत ना तुला?" सिस्टर म्हणाल्या. "त्याच गावातली मागची गल्ली आहे ही."

तेव्हापासून आमची मैत्री. त्या माझ्या दुप्पट वयाच्या. त्या वाक्यातून मी अजून सावरतेय.

भिंतीवर पूर्वी जखमांच्या फोटोंचा तक्ता होता. तो बघून एक गवंडी धाडकन आडवा झाला. सिस्टर शिंप्याची मुलगी. त्यांनी कापडाचा तक्ता शिवायला घेतला. पहिल्या चौकोनात कापडाखाली बटण : सिफिलिस. बहुधा एकच जखम, कडक बुडाची, न दुखणारी. "औषध न घेताही भरते. माणूस खूश. रोग मात्र आत पाय पसरून बसलेला." दुसऱ्यात झुबक्यानं शिवलेले बारीक मणी : हर्पीज. पाण्याचे फोड, फुटले की आग, बरे होऊन पुन्हा येणारे. तिसऱ्यात दोरे सुटलेल्या कडांचं भोक : शँक्रॉइड. मऊ, ठणकणारं, जांघेत अवधाणाची गाठ आणणारं. चौथा कोरा.

"तिथे काय?"

"ज्यात कुणाचाच गुन्हा नसतो ते. त्याच्या रंगाचं कापड मिळत नाहीये."

मग एका सकाळी ते जोडपं आलं. तो सामान हलवणारा हमाल, दारातून तिरका शिरावा असा. ती त्याच्या खांद्याएवढी. तिच्या हातात गच्च भरलेली बॅग.

"आत्ताच्या आत्ता काय ते सांगा," ती म्हणाली. "नाहीतर दुपारच्या गाडीनं मी भावाकडे. कायमची."

"अगं, आईशप्पथ..."

"आईला कशाला मध्ये घेतोस? सिस्टर, हा परगावी सामान पोचवून आला, की दुसऱ्या दिवशी ती जखम हजर. पाचवी खेप आहे!"

"आधी खिसे," सिस्टर म्हणाल्या.

टेबलावर दोरीचं भेंडोळं आलं, कंगवा, अर्धी पेन्सिल, आणि गोळ्यांचं एक पाकीट. पाच घरं रिकामी.

सिस्टर त्याला घेऊन पडद्याआड गेल्या. टॉर्चचा उजेड हलला.

"दर वेळी इथेच?"

"तिथेच. पत्ता लिहून दिल्यासारखी."

"आधी लाल गोल, आग, मग सालपट?"

"हो. नंतर जांभळा डाग राहतो."

बाहेर आणून सिस्टरांनी टॉर्च त्याच्या ओठावर मारला. तिथेही तसाच जांभळा गोल.

"बिडीनं भाजलंय ते," बायको म्हणाली.

"मी बिडी ओढतो तरी का गं?"

सिस्टरांनी पाकीट उचललं. "ही गोळी कधी घेता?"

"परगावचं काम म्हणजे चार-चार मजले कपाटं. घरी येतो तेव्हा पाठ मोडलेली असते. तेव्हाच."

"आणून देतं कोण?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं बॅग खाली ठेवली.

"मीच," ती म्हणाली. "कोमट पाण्याबरोबर."

मला आधी हसू फुटलं. मग सिस्टरांना. मग त्या प्रचंड माणसाला, आणि टेबलावरचा कंगवा थरथरू लागला. बायको तेवढी हसत नव्हती.

"हसून झालं की रक्त द्या," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. "गोळीवर माझा दाट संशय आहे. पण तपासल्याशिवाय मी कुणालाच सोडत नाही."

अर्धा तास बायको बॅगेवर बसून होती. सारखी घड्याळाकडे बघत होती. तो दोरीला गाठी मारत होता.

रिपोर्ट स्वच्छ आले. डॉक्टरांनीही पाहिलं, आणि केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं : गोळीची ॲलर्जी, दर वेळी त्याच जागी उठणारी. ही गोळी जन्मात पुन्हा नको.

"म्हणजे पाच वेळा मीच..." बायको म्हणाली, आणि मग तिला जे हसू आलं ते आवरेना. गाडी चुकली. तिनं बॅग उघडली, आतून एक जुनी ओढणी ओढून काढली आणि नवऱ्याच्या ओठाला लावली. तोच जांभळा.

"घ्या सिस्टर. तुमच्या भिंतीवर जागा दिसतेय."

सिस्टरांनी तिथेच गोल कापला, कॉलरमधली सुई काढली. सात टाके घातले. दारावर टकटक झाली.

"या," त्या म्हणाल्या. "खिसे रिकामे करा."

त्याला तीन महिने झाले. रोज त्या तक्त्यापाशी जातात, रोज कुणीतरी येतं. गोल अर्धा शिवलेला आहे. पंखा लावला की सुटी बाजू फडफडते. सुई तिथेच टोचलेली आहे, दोऱ्यासकट.