विभावरीवहिनींचा गुरुवार

विभावरी टिपणीस हे नाव डब्लिनच्या सँट्री भागातल्या ज्या मराठी माणसाला माहीत नव्हतं, तो उपाशी असणार असं खुशाल समजावं. २००९ साली मी एम.एस्सी. करायला डब्लिनला आले, तेव्हा वहिनी सतरा जणांचे डबे करत होत्या. नवरा चंद्रहास विमानतळाजवळच्या ऑफिसात, मुलगी इशिता आठ वर्षांची, आणि व्हिसाच्या कागदावर वहिनी ‘डिपेंडंट’. प्रत्यक्षात त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं मोजायला हातांची बोटं पुरली नसती. त्यांतली एक मी. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यांना फोन करायची मला सवय होती.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी मी डबा न्यायला गेले, तर दार उघडंच. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन थकलेला, डाळ करपलेली, स्मोक अलार्म बोंबलतोय, आणि वहिनी शेगडीसमोर नुसत्या उभ्या. मी शेगडी बंद केली तरी त्यांना कळलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब पाहिला, मग विश्वास न बसून परत पाहिला. वय वर्षं छत्तीस! ‘आठवड्यातून एकदा तरी पोहायला जा आणि ते चुकवू नका, नाहीतर आत्तापासून जन्मभर गोळ्या,’ असं त्यांनी स्पष्ट बजावलं.

जवळच्या बॅलिमनमधल्या पोहण्याच्या तलावावर गुरुवारी सकाळी मोठ्या बायकांसाठी शिकवणी होती. जायचं-यायचं धरून दोन तास. “अगं, जा ना! नको कोण म्हणतंय?” असं चंद्रहासदादा म्हणाले, आणि खरंच, नको कुणीच म्हणालं नाही. पहिल्या गुरुवारी इशिताच्या शाळेत केक पाठवायचा निघाला. दुसऱ्या गुरुवारी लिमरिकहून पाहुणे टपकले. तिसऱ्या गुरुवारी मी फोन केला, “वहिनी, आज पेपर आहे हो, डबा दहाला मिळेल का?” हे लिहिताना मला माझाच राग येतो.

चौथ्या गुरुवारी वहिनींनी जाहीर केलं, की त्यांनी व्रत धरलंय. दर गुरुवारी दोन तास घराबाहेर, स्नान करायचं, कुणाशी बोलायचं नाही. ही युक्ती त्यांना सासरीच सापडली होती. दादांच्या आई, अलकनंदाबाई, पेणला तीस वर्षं सोमवारी मौन पाळत आल्या होत्या, आणि सोमवारी त्या घरात त्यांच्याकडे पेलाभर पाणीही कुणी मागत नसे. वहिनींचं व्रत म्हटल्यावर इथंही तसंच झालं. गुरुवारी डबे बंद. सतरा जणांपैकी एकानंही कुरकुर केली नाही. आम्ही उलट भाविकपणे ब्रेड खाल्ला.

मला खरं कळलं ते डिसेंबरातल्या त्या मोठ्या बर्फात. अर्ध्या बस बंद, शाळांना सुट्टी, आणि वहिनी ओल्या केसांवर लोकरी टोपी ओढून बॅलिमनकडून पायी येताना मला दिसल्या. “वहिनी, असलं कसलं व्रत? न्यूमोनिया होईल!” मी ओरडले. त्यांनी मला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. पहिले सहा आठवडे त्यांना पाण्यात नाक बुडवता येत नव्हतं. कठडा धरून रडायच्या, आणि पुढच्या गुरुवारी परत जायच्या. आज त्यांनी कठडा सोडून तलावाची अख्खी लांबी पार केली होती. “रक्तदाबाची गोळी लागली नाही अजून,” त्या म्हणाल्या. “आणि रोहिणी, पाण्यात कान बुडवले ना, की कुणाची हाक ऐकू येत नाही.” त्यांचा चेहरा थंडीनं लाल झाला होता आणि इतका खूश, की मला त्यांचा हेवा वाटला.

मे महिन्यात अलकनंदाबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना भेटायच्या निमित्तानं डब्लिनच्याच बॉल्सब्रिज भागातल्या सुलक्षणाताईही येऊ लागल्या. या ताईंना कुणाचंही कार्य स्वतःच्या अंगावर घ्यायची हौस. दीड वर्षाचं व्रत, घरात सासूबाई, मग उद्यापन नको? श्रावणातला एक रविवार त्यांनी ठरवूनही टाकला, कारण आयर्लंडात सगळे सण रविवारीच येतात. अकरा सवाष्णी, पुरण, कथावाचन. दादा तर फारच खूश. “बरंच झालं! उद्यापन झालं की गुरुवार मोकळा. आमच्या टीमला दर गुरुवारी तुझं जेवण हवंय, मी हो म्हणून टाकलंय.”

वहिनींनी मान डोलावली. पण त्या आठवड्यात त्यांनी दोनदा दूध उतू घालवलं. मला त्या करपलेल्या डाळीची आठवण झाली.

उद्यापनाच्या आधीच्या गुरुवारी मी तिथं मटार सोलत होते. वहिनी पोहून आल्या आणि अलकनंदाबाई त्यांच्या केसांना तेल लावायला बसल्या. हात मध्येच थांबला. त्यांनी केस नाकाशी नेले.

“अगो, तुझ्या केसांना टीसीएलचा वास येतो. ग्रामपंचायत पाणी शुद्ध करायला आमच्या विहिरीत टाकायची, तस्सा. कुठल्या देवाच्या तीर्थात टीसीएल घालतात?”

माझ्या हातातले मटार सांडले. वहिनी वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी खाली वाकून मटार वेचायला लागले.

“आणि मी सोमवारी काय जप करायचे, असं वाटलं तुला?” अलकनंदाबाई म्हणाल्या. “सहा दिवस अकरा माणसं मला हाका मारायची. एक दिवस मला कुणाला ओ द्यायची नव्हती. मौन म्हटलं म्हणून सगळे दबून राहिले. बोलावंसं वाटत नाही म्हटलं असतं, तर डॉक्टर आणला असता.” त्यांनी पुन्हा तेल चोळायला घेतलं. “तीस वर्षं देवाच्या आड बसले. खरं सांगायचा धीर नाही झाला. देवाचं म्हणालीस, की कुणीतरी उद्यापन मागणारच. बघ बाई, तुझं तू.”

रविवारी अकराच्या अकरा जणी आल्या. सुलक्षणाताईंनी चौरंग मांडला, समई लावली. “हं, विभावरी, वाच आता कथा.”

वहिनी उभ्या राहिल्या. हातात पोथी नव्हती.

“कथा अशी आहे, की मी पोहायला जाते,” त्या म्हणाल्या. “व्रत वगैरे काही नाही. देवासाठी जाते म्हटल्यावर तुम्ही सगळ्यांनी दीड वर्ष मला दोन तास दिलेत. माझ्यासाठी जाते म्हटलं, तेव्हा एक गुरुवारसुद्धा नव्हता दिलात. मी खोटं बोलले, त्याची माफी मागते. गुरुवारची मागणार नाही. त्याचं उद्यापन होणार नाही.”

त्यांनी एकही शब्द गिळला नाही. सुलक्षणाताईंचा आ वासलेला. सगळ्यांत आधी इशिता ओरडली, “आई, यू कॅन स्विम? लाइक, द डीप एंड? दॅट्स ग्रँड!”

दादांचा चेहरा उतरला. “अगं, पण ऑफिसचं जेवण... मी शब्द दिलाय.”

“तू दिलायस ना? मग बुधवार सांग त्यांना. गुरुवारी मी नाही.”

“आणि ह्या पुरणाचं काय?” सुलक्षणाताईंना अखेर वाचा फुटली.

“जेवा की! सकाळपासून राबलेय मी त्याच्यासाठी.”

जेवल्या सगळ्या. तीन जणींनी जाताना हळूच तलावाची वेळ विचारली. दादा मात्र संध्याकाळपर्यंत फुगून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी मी डबा न्यायला गेले, तर दादांनीच दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल, रोहिणी. आईचं मौन आहे.”

खिडकीतल्या खुर्चीतून अलकनंदाबाईंचा खणखणीत आवाज आला.

“मौन नाही रे, चंद्रहास. मला आज बोलायचं नाहीये.”

आणि त्यांनी जे तोंड मिटलं, ते मंगळवारी सकाळीच उघडलं.