अकरा वाजता मारलेली चारची टिक

मालाडच्या आमच्या हॉस्पिटलात तपासणी येणार म्हटलं की पेशंट सोडून सगळ्यांची सेवा सुरू व्हायची. भिंतींना रंग, कुंड्यांना पाणी, फायलींना नवी कव्हरं. मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. कागद भरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि मग तक्त्यात टिक मारायची, असा नियम. आमची रीत उलटी. सकाळी ड्युटीवर आलो की दिवसभराच्या टिका एकदम मारून मोकळे, नंतर वेळ मिळाला तर वळवायचं. वेळ कुणाला मिळतो? नव्या मुलींना हे मीच शिकवलं.

तेव्हा वॉर्डात मढच्या बाजूची एक कोळीण म्हातारी होती. अर्धांगाने एक बाजू गेलेली, वाचा बसलेली. जन्मभर बाजारात मासे विकले, एका हाकेसरशी गिऱ्हाईक थांबवायची म्हणे. आता नुसती बघायची. माकडहाडावर तिला जखम झाली, ती आत आत गेली, वास यायला लागला.

तिची मुलगी रोज विचारायची, "सिस्टर, आयला कुशीवर करता ना?"

मी तक्ता दाखवायचे. टिका बघून ती बिचारी परत आईच्या उशाशी जाऊन बसायची.

तपासणीच्या सकाळी मी म्हातारीची खाट वरच्या मजल्यावर, व्यायामाच्या खोलीत हलवली. वास नको म्हणून. गडबडीत तिची फाइल मात्र खालीच राहिली.

बाहेरून आलेल्या तपासनीस बाई किरकोळ अंगाच्या. त्यांनी रंग बघितला नाही, कुंड्या बघितल्या नाहीत. नेमकी तीच फाइल उघडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते.

"आज दुपारी चार वाजता वळवलंय, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पेशंट कुठेय?"

वर गेल्यावर त्यांनी म्हातारीला माझ्याच हातांनी कुशीवर करवलं. चादर जखमेला चिकटून वर आली. म्हातारी ओरडली. तिला आवाज उरलाच नाही, असं मी धरून चालले होते. मुलगी दाराशी उभी होती.

"जवळ या, बघा," बाई तिला म्हणाल्या. "आणि सिस्टर, तुम्ही यांना तक्ता वाचून दाखवा."

मी वाचला. आठ, दहा, बारा, दोन, चार. त्या तपासनीस बाईचा मला भयंकर संताप आला. शरम नंतर आली, बरीच नंतर.

म्हातारी नवव्या दिवशी गेली. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं.

हॉस्पिटलची मान्यता अडली, तेव्हा सगळे जागे झाले. टिक खाटेशी उभं राहूनच मारायची, दोन सिस्टरांच्या सहीने. बाई न सांगता आणखी दोनदा आल्या आणि चादरीखाली हात घालून बघून गेल्या. त्यानंतर आमच्या वॉर्डात कुणाला तसली जखम झाली नाही. माणसं तीच, हात तेच. आम्ही काही सुधारलो नव्हतो, आम्हाला धाक बसला होता.

गेल्या वर्षी तीच मुलगी सासऱ्यांना घेऊन आली. बारा वाजले तसं आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर केलं, पाठ पुसली, उशी लावली, सह्या केल्या. ती घड्याळाकडे बघत होती.

"दोनच मिनटं लागली," ती म्हणाली. "आयला पण एवढीच लागली असती ना, सिस्टर?"

मी हो म्हणाले.