इस्तारीचा वाटा

मूल शहराजवळच्या आमच्या गावचा मासेमार इस्तारी ढिवर मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी झाला. सत्तावन्न साली त्याचं जहाज पोलंडातल्या ग्दान्स्क बंदराला लागलं. सोबतचे खलाशी तिथली उंच चर्चं अन् लढाईत पडून पुन्हा बांधलेले जुने वाडे बघायला गेले. इस्तारी मात्र नदीच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत चालत गेला.

तिथं काही बायामाणसं जाळं ओढत होती. इस्तारीनं न विचारताच दोराला हात लावला. जाळं काठाला लागल्यावर तो बाजूला उकिडवा बसून राहिला. आमच्याकडे दोर ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, पण तो तोंडानं मागायचा नसतो. ती माणसं आधी गोंधळली. मग एका म्हातारीनं त्याच्या टोपीत मासे टाकले, अन् घरी नेऊन तळूनही दिले.

सुट्टीवर आल्यावर त्यानं हे सांगितलं, तेव्हा आम्ही त्यालाच हसलो. एवढ्या दूर जाऊन यानं काय पाहिलं, तर मासे.

"मले परका नाई समजले," एवढंच तो म्हणाला.

त्या वर्षी गावचा तलाव लिलावात बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी इस्तारीनं तलावावर ठेकेदाराच्या जाळ्याचा दोर ओढला अन् काठावर उकिडवा बसला. सगळी मासळी टोपल्यांत भरून बैलगाडीवर चढली. गाडी जुंपताना ठेकेदाराच्या माणसाचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"काऊन बसला भाऊ इथी?" त्यानं विचारलं. "कोणत्या गावचा हायेस तू?"